ड्रायव्हरचे नाव

"कागद मंग पाहू. मले आधी सिनेमा दाखवा," प्रेमला म्हणाली, आणि टीपॉयवरचे तीन पानी संमतिपत्र तिने दोन बोटांनी पाहुण्यांकडे परत सरकवले.

पाहुणे दोन होते. सोफ्याच्या कडेला पाठ न टेकता बसलेली अनुश्री नवा रायपूरच्या एका कंपनीत होती. बाहेरून येणाऱ्या चित्रपटवाल्यांना इथल्या परवानग्या मिळवून देणे हे तिचे काम. तिच्या शेजारी, बूट दाराबाहेर काढून, परक्या सोफ्यावर मांडी घालून विराज बसला होता. तो पुण्याचा. कोणाच्याही घरात घरच्यासारखे बसण्याची कला त्याने सात वर्षांपूर्वीच्या आपल्या प्रवासात आत्मसात केली होती, आणि त्या प्रवासावर लिहिलेल्या पुस्तकात या कलेवर एक आख्खे प्रकरण होते. पुस्तक खपले होते. आता त्याचा चित्रपट झाला होता.

"ताई, सिनेमा पुढच्या महिन्यात येतोच आहे की," विराज म्हणाला. "हा कागद म्हणजे निव्वळ फॉर्मॅलिटी आहे हो. तुमच्या भावाचं पात्र आहे ना त्यात, आणि नाव खरं ठेवलंय. तर घरातल्या कोणाची हरकत नाही, एवढंच."

"फॉर्मॅलिटीच असंन तर तुमीच करून टाका सही. मले काहून विचारून राहिले?"

"तसं नाही चालत ना दीदी," अनुश्री म्हणाली. "लीगलवाले बोलतात, ब्लड रिलेशनच पाहिजे."

"ब्लड मी पस्तीस वर्षांपासून पाहून राहिली. त्यात रिलेशन दिसत नाही."

हे तिने विनोद म्हणून सांगितले नव्हते. प्रेमला दाणी सरकारी मलेरिया प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. रक्ताच्या थेंबात मलेरियाचा जंतू आहे असे म्हणायला तो सूक्ष्मदर्शकाखाली एकदा दिसला तरी पुरते. नाही असे म्हणायचे असेल, तर काच जरा जरा सरकवत तिच्यावरच्या शंभर जागा पाहाव्या लागतात. पस्तीस वर्षांत हा नियम तिच्या डोळ्यांतून स्वभावात उतरला होता. दूधवाला, विम्याचा एजंट, बूढा तलावाच्या काठी गळ्यात माळा घालून बसणारा ज्योतिषी, यांपैकी कोणालाही शंभर जागा पाहिल्याखेरीज ती निर्दोष सोडत नसे. बूढापाऱ्यातले, म्हणजे तिच्या मोहल्ल्यातले, लोक तिच्या माघारी तिला सीबीआय म्हणत, आणि तिला ते ठाऊक होते. एका माणसाच्या बाबतीत मात्र तिने एकही जागा पाहिली नव्हती. त्याला तिने न पाहताच दोषी ठरवले होते. तो तिचा धाकटा भाऊ विनायक.

अबोली चहा घेऊन आली. ती विनायकची मुलगी. आई लहानपणीच गेली, बाप चार वर्षांपूर्वी. तिला आत्याने वाढवले होते. मराठी तिला सगळी कळे, उत्तर मात्र हिंदीत येई.

"ही अबोली ना?" विराज कौतुकाने म्हणाला. "डोळे अगदी बाबांचे आहेत."

"आपने पापा की आँखें कब देखीं?" अबोलीने कप त्याच्या पुढ्यात ठेवला. "आप तो पूरे टाइम फोटो खींच रहे थे."

विराजने याचे वाईट वाटून घेतले नाही. लोक आपल्यावर का रागावतात हे समजून घेण्याची सवयही त्याला त्याच प्रवासात लागली होती.

घडले होते ते असे. विराज चोविसाव्या वर्षी नोकरी सोडून निघाला, तीन आठवडे ओडिशातून भटकत रायपूरला आला आणि दक्षिणेकडे जायला त्याने एक जीप भाड्याने घेतली. जीप एका ट्रॅव्हल्सवाल्याची, ड्रायव्हर विनायक. केशकालचा घाट चढून गेल्यावर कुठेतरी आत, मुख्य रस्ता सोडून, पोराला ताप भरला. पुढचे विराजने स्वतःच जगाला सांगितले: ड्रायव्हरने आपल्याला एका खेड्यात म्हातारीच्या ओसरीवर टाकले आणि आपली बॅग घेऊन तो पळाला. तीन दिवसांनी बॅग पोलिसांकडे सापडली, कुलूप तोडलेली, कॅमेऱ्याची एक लेन्स नाहीशी झालेली. विनायकचा फोटो विराजने इंटरनेटवर टाकला. तो फोटो रायपूरला विनायकच्या आधी पोहोचला.

विनायक पाचव्या दिवशी घरी आला. दाढी वाढलेली, जीप नाही. मालकाने ती रस्त्यातच दुसऱ्या माणसाकरवी मागवून घेतली होती. प्रेमलाने ताट वाढले.

"पोट्टा वाचला, ताई," तो म्हणाला.

"जेव," ती म्हणाली.

तो ताटापुढे थोडा वेळ तसाच बसला होता, कोणी काही विचारेल म्हणून बसतात तसा. तिने काही विचारले नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरच्या तीन वर्षांत, तो तलावाभोवती ई-रिक्शा चालवत असताना आणि पाऱ्यातली पोरे त्याला "भैया, बैग सँभाल के" असे ओरडत असताना, कधीच नाही. मग करोनाची दुसरी लाट आली आणि विचारायला माणूस उरला नाही.

चित्रपट तिला दुसऱ्या दिवशी दुपारी नवा रायपूरच्या एका काचेच्या इमारतीत दाखवण्यात आला. अबोलीने तिला स्कूटीवरून नेले. सहा पदरी रस्त्यावर त्या दोघींखेरीज फक्त एक गाय होती. आतल्या खोलीत काळे सोफे होते, आणि थंडी इतकी की प्रेमलाने पदर कानावरून घेतला.

'हरे मील' असे चित्रपटाचे नाव होते. एक खिन्न तरुण निघतो. त्याला रस्ता भेटतो, चहाच्या टपऱ्या भेटतात, पहाट तर इतक्या वेळा भेटते की या देशात दुपार होत नसावी असे वाटावे. प्रत्येक मुक्कामावर एखादा गरीब माणूस त्याला एक सुंदर वाक्य ऐकवतो आणि मागे राहतो. या चित्रपटातली गरीब माणसे आपसात बोलत नव्हती. ती सगळी त्याच्याशीच बोलत होती. परिवर्तन ही वस्तू नेहमी पाहुण्याच्या वाट्याला येते. यजमानाला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाणी भरायचे असते.

मध्यंतरानंतर जीप आली आणि जीपमध्ये विनायक आला. नट सहा फुटी होता, दात तपकिरी रंगवलेले. आरशातून तो मागच्या सीटवरच्या बॅगेकडे पाहत होता. एकदा पाहिले, पुन्हा पाहिले, प्रेक्षकाची खात्री पटेपर्यंत पाहिले. नायकाला ताप भरतो. ड्रायव्हर त्याला ओसरीवर टाकतो, गाणे गुणगुणत पक्कडीने बॅगेचे कुलूप तोडतो, आणि धुरळा उडतो. "विनायक," नायक क्षीण हाक मारतो, "विनायक, रुको."

अबोलीने सोफ्याचा हात घट्ट धरला होता. प्रेमला हलली नाही. हा प्रसंग तिला नवा नव्हता. सात वर्षे तो तिच्या डोक्यात चालू होता. इथे फक्त उजेड चांगला होता.

पुढे म्हातारी जंगलातून एक मुळी आणते, अनोळखी भाषेत गाते, आणि तिसऱ्या पहाटे नायक उठून उभा राहतो. तो चालत पोलीस ठाण्यात जातो. कोठडीत ड्रायव्हर मान खाली घालून बसलेला आहे. तो काहीतरी बोलू पाहतो. नायक त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवतो. "कुछ मत कहो. मैंने तुम्हें माफ़ किया." संगीत. चित्रपटाचा कळस हाच होता. मनुष्य बदलला होता, आणि ते सिद्ध करायला एक चोर लागत होता.

शेवटच्या नामावळीबरोबर खरे फोटो येऊ लागले. खरा विराज, खरी जीप, बाजेवर पडलेला विराज आणि त्याच्या उशाशी खरी म्हातारी.

"थांबवा," प्रेमला म्हणाली. "जरा मागं घ्या. हां. हे काय हाय, तिच्या मागं, कोनाड्यात?"

अनुश्रीने डोळे बारीक केले. "बिस्किटचा पुडा वगैरे असेल दीदी."

"बिस्किट नोहे ते. मलेरियाच्या गोळ्यांचं पाकीट हाय. लहान लेकरांचं रंगीत येते, मोठ्या मानसाचं पांढरं." ती विराजकडे वळली. "हे कोनं देलं तुमाले?"

विराजने कपाळ चोळले. "आता नीट आठवत नाही हो. मला भास होत होते. कोणीतरी सायकलवरून आला होता बहुतेक. हेल्थचा माणूस. पहिल्या ड्राफ्टमध्ये होता तो. पण डिरेक्टर म्हणाला, गोळी आली की त्या आजीचं मॅजिक जातं."

"अन् ती मुळी?"

"पेज देत होती ती मला. तांदळाची. मुळी म्हणजे एक प्रतीक आहे, ताई."

"त्या सायकलवाल्याले पाठवला कोनं?"

"कोण पाठवणार? गावातलाच असेल."

"गावात मितानिन, म्हंजे गावची आरोग्यवाली बाई, असती तर चालत आली असती. सायकलवर मानूस गोळ्या घेऊन येते, म्हंजे कुठंतरी रक्ताची स्लाइड पोहोचली, कोनंतरी ते पाह्यली. स्लाइड चालत जात नाही." प्रेमला उठली. "मले चार दिवस द्या."

परतताना त्या मोकळ्या रस्त्यावर अबोलीने स्कूटी एकदम कडेला घेतली. "पापा ने भेजा था उसको. है ना?"

"मले माहीत नाही."

"आपको अभी भी यकीन नहीं है."

"पाह्यल्याबिगर मी 'हाय' बी म्हणत नाही अन् 'नाही' बी म्हणत नाही. चाल, ऊन लागून राहिलं."

हे खोटे होते, आणि ते दोघींनाही माहीत होते. स्कूटी पुन्हा सुरू झाली.

त्या वाटेवरच्या एका आरोग्य केंद्रात भैय्यालाल नावाचा तंत्रज्ञ होता. वीस वर्षे त्याच्या स्लाइडा फेरतपासणीसाठी प्रेमलाच्या टेबलावर येत; दोघांची गाठ प्रशिक्षणात दोनदा पडली होती, बाकी ओळख काचेपुरती. आता तो निवृत्त होऊन केंद्राच्या मागेच राहत होता. फोनवर तो म्हणाला की जुनी रजिस्टरे माळ्यावर आहेत, फोटो काढून पाठवतो. प्रेमलाने फोटोवर विश्वास ठेवायचे कारण नव्हते. नुकतेच तिने फोटो काय करू शकतात ते सव्वादोन तास पाहिले होते. रजा टाकून तिने सकाळची पहिली बस धरली. अभनपुरला बसमध्ये भाजीच्या टोपल्या चढल्या, धमतरीला उतरल्या. मग कांकेर, मग घाट. या रस्त्यावर भावाने आयुष्याची बावीस वर्षे घातली होती, आणि ती पहिल्यांदाच तो पाहत होती. तिला त्यामुळे काहीही झाले नाही. फक्त पाय सुजले.

भैय्यालालने रजिस्टर झटकून टेबलावर ठेवले होते. पानावर वाळवीने नक्षी काढली होती, पण ओळ शाबूत होती. तारीख. स्लाइड क्रमांक. रुग्णाचे नाव, विराज, पुढे बापाचे नाव आणि आडनाव. वय चोवीस. राहणार पुणे, हल्ली मुक्काम त्या खेड्याचे नाव. निकाल, फाल्सिपेरम, म्हणजे मारणारा मलेरिया. आणि 'स्लाइड कोणी आणली' या रकान्यात, भैय्यालालच्या गोल अक्षरात: विनायक दाणी, ड्रायव्हर, रायपूर.

प्रेमलाने ओळ दोनदा वाचली. मग वरची ओळ वाचली, खालची वाचली, शाई तीच आहे का ते पानावर तिरपी नजर टाकून पाहिले.

"शक करत हस दीदी?" भैय्यालाल म्हणाला.

"सवय हाय. त्यानं रक्त घेतलं कसं?"

"काँच तो ओकर जीप में रहय. तोर लैब के डब्बा. बाएँ हाथ के अनामिका, बने साफ करके. स्लाइड ला गमछा में लपेट के लाय रिहिस, जइसे अंडा लाथें." भैय्यालालने दोन्ही तळहात एकमेकांवर ठेवून दाखवले. "लड़का को झटके आ रहे थे, जीप में उल्टी पे उल्टी. ऊ रस्ता में ले आता तो रस्ते में मर जाता. उसको लिटा के बाइस किलोमीटर आया. जीप इहाँ पहुँच के पंचर होगे, हमर केंद्र के लड़का के फटफटी में तेल नइ रिहिस, त ओला गोली दे के साइकिल में भेजेंव, तुरते. तोर भाई इही बरामदा में ठाढ़े रिहिस, जब तक ऊ निकल नइ गिस."

"मंग बॅग काहून आणली त्यानं?"

भैय्यालालने उलट तिलाच विचारले, "तोला बताय नइ रिहिस?"

"नाही."

"नाम खातिर, दीदी. लड़का बुखार में बड़बड़ाय, पूरा नाम नइ बताय सकिस. बैग में ताला, नंबर वाला. मैं बोलेंव, नाम के का जरूरत, 'टूरिस्ट' लिख देथन. ऊ मानबे नइ करिस. बोला, बिना नाम-पते की स्लाइड मेरी दीदी कचरे में डाल देती है. ताला हमने काटा, इसी टेबल पर, प्लायर से. आधार निकला, तब लिखे हन."

खिडकीबाहेर कोणीतरी हापसा मारत होते. प्रेमलाने हात टेबलावर ठेवला, मग उचलला.

नाव, बापाचे नाव, वय, गाव. हे तिने विनायकला स्वयंपाकघरात बसवून शिकवले होते. तो त्या भागात जातोच, तर आरोग्य केंद्रांतल्या स्लाइडा येताना घेऊन येत जा, रस्त्यात कोणी तापाने पडलेला दिसला तर थेंबभर रक्त घेत जा, म्हणून काचांचा डबाही तिनेच दिला होता. पहिल्या खेपेला त्याने सहा काचा आणल्या, तीनवर नाव नव्हते. तिने त्या तीन त्याच्या डोळ्यांदेखत केराच्या बादलीत टाकल्या होत्या. तो हसला होता. "आमची ताई देवालेबी आधार कार्ड मांगंन," असे म्हणाला होता.

"अन् पोलीस?"

"वापस जात रिहिस, त नाका में रोकिन. कटा हुआ बैग, अंदर कैमरा, मालिक का पता नहीं. आजकल तो बिना बात के भी बिठा लेते हैं." भैय्यालालने रजिस्टर स्वतःकडे ओढून त्याचा मोडलेला कोपरा सरळ केला. "थाना ले मोर बर फोन आय रिहिस. कि आ के बता दे. मैं नइ गेंव, दीदी. सरकारी आदमी, बेटी के बिहाव मुड़ी में... डर गेंव."

"लेन्स?"

"का?"

"कॅमेऱ्याची एक लेन्स कमी होती म्हणतात."

"ओला मैं नइ जानँव."

ते खरे असेल किंवा नसेल. रजिस्टरात त्यासाठी रकाना नव्हता. प्रेमला पुन्हा ओळीकडे वळली आणि तेव्हा तिला शेवटचा रकाना दिसला. प्रत्येक पॉझिटिव्ह स्लाइड रायपूरला फेरतपासणीला जाई, नाव झाकून, फक्त क्रमांकानिशी, आणि निकाल परत येऊन इथे चढवला जाई. 'रायपूर: बरोबर. प्रे. दा.' तारीख होती विनायक घरी परतल्यानंतर सहाव्या दिवसाची. ती त्या आठवड्यात भावाशी बोलत नव्हती, आणि त्याने गमछात गुंडाळून नेलेली काच तिच्या डोळ्याखाली होती. तिने ती बारकाईने पाहिली असणार. ती सगळ्याच पाहत असे.

तिने पानाची झेरॉक्स मागितली. केंद्रातले यंत्र बंद होते, म्हणून भैय्यालाल रजिस्टर छातीशी धरून तिच्याबरोबर बाजारापर्यंत चालत आला.

घरी परतल्यावर तिने अबोलीला पान दाखवले. अबोलीने ते उभ्याउभ्याच वाचले, बापाच्या नावावरून एकदा बोट फिरवले आणि मग विचारले, "आत्या, आपने पापा से एक बार भी पूछा था?"

"नाही."

"क्यों?"

प्रेमलाने खूप शोधले. "मले वाटलं, तो खोटं बोलंन."

"और उन्होंने खुद क्यों नहीं बताया?"

याचे उत्तर तिला बसमध्येच सापडले होते. सांगायचे म्हटले असते तर त्याला 'तुझ्यामुळे' हा शब्द वापरावा लागला असता. ते ती पोरीला म्हणाली नाही. अबोलीने पानाची घडी घातली, स्वतःच्या पर्समध्ये ठेवली आणि दोन दिवस आत्याशी कामापुरतेच बोलली. दाणी घराण्यात शिक्षा देण्याची पद्धत एकच होती.

विराज आणि अनुश्री ठरल्या दिवशी आले. प्रेमलाने सगळे सांगितले, रजिस्टर वाचून दाखवावे तसे, एकाही विशेषणाशिवाय. विराजने झेरॉक्स हातात घेतली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते खरे पाणी होते. त्याच्यात खोटे असे काही नव्हतेच. हीच तर त्याची ताकद होती.

"मी त्याला बोलूच दिलं नाही," तो म्हणाला. "तो सांगत होता, आणि मी... बापरे." त्याने डोळे पुसले. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक वेगळा उजेड चढू लागला. "ताई, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? हा खरा शेवट आहे. मी सात वर्षांनी परत येतो. ज्याला मी माफ केलं, त्यानंच मला वाचवलं होतं. आणि आता माफी मला मागायची आहे. इथे, या खोलीत, तुमच्यासमोर. अनुश्री, दोन दिवसांचं शूट आहे फक्त. छोटा क्रू."

"कॅमेरा नसला तर मांगता नाही येत का?" प्रेमलाने विचारले.

विराज थांबला. त्याने खरोखर विचार केला, हे त्याच्या तोंडावर दिसत होते. मग तो खाली वाकून तिच्या पायांना हात लावू लागला आणि प्रेमलाने पाय मागे घेतले.

"राहू द्या. ते जे दाखवलं, जीप घेऊन पळाला, ते खोटं हाय. ते काढा."

अनुश्री मघापासून फोनवर काहीतरी लिहीत होती. तिने फोन पालथा ठेवला. "दीदी, मी तुम्हाला खोटी आशा नाही देणार. नवीन शूट होणार नाही. पिक्चर लॉक झालीये, रिलीजची डेट आलीये. आणि तो सीन निघणार नाही, त्याच्यावर पूर्ण क्लायमॅक्स उभा आहे. तुम्ही सही नाही केली तर एकच होऊ शकतं. नाव निघू शकतं. तुमच्या भावाचं नाव, जीपचा नंबर, शेवटी येणारा जीपचा फोटो. मग कोणी बोलू शकणार नाही की हे तुमच्या घरचं आहे."

"सीन राहीन, फक्त नाव नाही राहणार."

"हो."

प्रेमलाने अबोलीकडे पाहिले. दोन दिवसांत प्रथमच पोरीने नजर चुकवली नाही.

"निकलवा दो, आत्या," अबोली म्हणाली. "पापा का नाम उसमें से निकलवा दो. बस. मुझे और कुछ नहीं चाहिए."

संमतिपत्र कोरेच परत गेले. जाताना विराज दारात बूट घालत बराच वेळ बसला. या भेटीवर त्याने त्याच संध्याकाळी एक मोठा, प्रांजळ मजकूर लिहिला आणि तो पुष्कळांना आवडला. त्यात विनायकचे नाव कुटुंबाच्या इच्छेला मान देऊन गाळले होते, त्यामुळे सात वर्षांपूर्वीच्या त्या फोटोतल्या विनायकने खरे काय केले होते, हे बूढापाऱ्यात कोणालाच कळले नाही.

चित्रपट आला तेव्हा अबोलीने तो रविवारी दुपारी घरातल्या टीव्हीवर लावला. प्रेमला तांदूळ निवडत होती. जीप आली, तेव्हा तिने सूप बाजूला ठेवले.

"विनायक नहीं बोल रहे," अबोली हळूच म्हणाली. "सुनो, आत्या. सोमारू बोल रहे हैं. सोमारू, रुको."

आवाज नवा भरला होता, चित्र जुनेच होते. नायकाचे ओठ 'विनायक' म्हणत होते आणि टीव्हीतून 'सोमारू' ऐकू येत होते. जगात बहुधा कोणाच्याच ते लक्षात येणार नव्हते. सोमारू हे नाव घाटापलीकडच्या खेड्यांतले, सोमवारी जन्मलेल्या पोराचे. त्या नावाच्या घरी तीन पानी इंग्रजी कागद घेऊन कोणी जाणार नव्हते. ते नाव निवडताना कोणाला तरी एवढाच विचार करावा लागला असणार, आणि तो फार वेळ करावा लागला नसणार.

"अच्छा हुआ ना?" अबोलीने विचारले.

"हो," प्रेमला म्हणाली.

अबोली उठली. फार दिवसांनी तिने केसांना तेल लावायला घेतले, आरशासमोर, काहीतरी गुणगुणत. तिला ऐकू जाऊ नये म्हणून प्रेमला फोन घेऊन दाराबाहेर गल्लीत आली. दोन स्कूटर जाऊ दिल्या. मग भैय्यालालला फोन लावला.

"तुमच्या तिकडं सोमारू नावाचा कोनी ड्रायव्हर हाय का?"

"सोमारू?" भैय्यालाल हसला. "बहुत झन हें, दीदी. हर गाँव में दू-चार. एक तो हमर केंद्र के गाड़ी चलाथे. काबर पूछत हस?"

"काही नाही," प्रेमला म्हणाली. "असंच."

त्याने फोन ठेवल्यावरही ती थोडा वेळ तशीच उन्हात उभी राहिली. आत अबोलीचे गुणगुणणे चालू होते, आणि ते थांबेपर्यंत तिला घरात जाता येईना.